ब्रिटनमध्ये पहिली इलेक्ट्रिक गाडी घेताना: आधी चार्जिंगची जागा, मग गाडी

नोकरीसाठी ब्रिटनमध्ये नव्याने आलेली मंडळी गाडीचा शोध बहुधा ऑटो ट्रेडर या गाड्या विकणाऱ्या संकेतस्थळावर मॉडेल चाळून सुरू करतात. इलेक्ट्रिक गाडीच्या बाबतीत हा क्रम उलटा करा. इथे तीच गाडी एकाला पेट्रोलच्या पाचव्या हिश्शात पडते आणि दुसऱ्याला पेट्रोलपेक्षा महाग पडते. फरक फक्त ती रात्री कुठे उभी राहते याचा असतो.

हिशेब करून बघा. बॅटरी आणि चार्जिंग इथे किलोवॅट-अवरमध्ये मोजतात. महावितरणच्या बिलावर आपण ज्याला युनिट म्हणतो तेच हे. छोटी इलेक्ट्रिक गाडी एका युनिटवर वर्षभराच्या सरासरीने साडेतीन मैल जाते. वर्षाला 8000 मैल धरले आणि चार्जिंगमध्ये वाया जाणारी दहा टक्के वीज मिळवली, की साधारण 2500 युनिट लागतात. घरी, रात्रीच्या खास इलेक्ट्रिक गाडीच्या दरात 8 पेन्सने घेतलीत तर वर्षाचे 200 पाउंड. घरीच, पण नेहमीच्या 26 पेन्सने घेतलीत तर 650. आणि सगळी वीज रस्त्याकडेच्या जलद चार्जरवर 75 पेन्सने भरलीत तर 1875 पाउंड. गॅलनला 45 मैल देणारी पेट्रोल गाडी तेवढ्याच मैलांना, लिटरला 1.35 पाउंड भावाने, 1100 च्या आसपास खाते. दर बदलत राहतात, पण हे प्रमाण सहसा बदलत नाही. शिवाय घरच्या विजेवर व्हॅट 5 टक्के आणि सार्वजनिक चार्जरवर 20 टक्के.

पायरी 1: गाडी रात्री कुठे उभी राहणार?

घरासमोर स्वतःचा ड्राइव्हवे असेल, मग घर भाड्याचं का असेना, तर काम सोपं आहे. भिंतीवरचा 7 किलोवॅटचा चार्जर बसवायला 800 ते 1200 पाउंड जातात. पण दोन-तीन वर्षांच्या व्हिसावर आलेल्या आणि दर वर्षी घर बदलू शकणाऱ्या कुटुंबाने हा खर्च लगेच करू नये. गाडीबरोबर मिळणारी साध्या तीन-पिनी प्लगची केबल, जिला इथे ग्रॅनी केबल म्हणतात, 10 अँपिअरवर 2.3 किलोवॅट देते. म्हणजे तासाला सात-आठ मैल. रात्रीच्या स्वस्त पाच तासांत पस्तीस-एक मैल भरतात. रोजचं जाणं-येणं वीस-पंचवीस मैलांचं असेल तर एवढं पुरतं.

एका गोष्टीत मात्र हयगय नको. तीन-पिनी सॉकेट 13 अँपिअरचं असलं तरी तासन्‌तास सलग 10 अँपिअर वाहून न्यायला जुनी सॉकेटं तयार नसतात. आतला स्क्रू किंवा स्प्रिंग ढिली असेल तर तिथे उष्णता साठते आणि प्लास्टिक वितळतं. पहिल्या दिवशी तासाभराने प्लगला हात लावून बघा. कोमट असेल तर ठीक, हात ठेववत नसेल तर लगेच बंद करा. घरमालकाच्या परवानगीने नोंदणीकृत इलेक्ट्रिशियनकडून बाहेरच्या भिंतीवर स्वतंत्र सर्किटचं सॉकेट बसवून घ्या, आणि ते इलेक्ट्रिक गाडीच्या चार्जिंगसाठी प्रमाणित असलेलंच मागा. एक्स्टेन्शन बोर्ड वापरू नका. रिळावर गुंडाळलेली केबल तर मुळीच नको, कारण गुंडाळीतली उष्णता बाहेर पडत नाही.

स्वस्त रात्रीच्या दरासाठी घरात स्मार्ट मीटर (कोणत्या वेळी किती वीज वापरली ते आपोआप कळवणारा) हवा आणि वीज कंपनी निवडायचा हक्क तुमच्याकडे हवा. बिल तुमच्या नावावर असेल तर पुरवठादार बदलायचा अधिकार भाडेकरूलाही असतो. घर बघायला जाल तेव्हाच एजंटला विचारून घ्या: मीटर स्मार्ट आहे का, प्रीपेमेंटचा म्हणजे आधी पैसे भरायचा आहे का, आणि बिल भाड्यातच धरलंय का. प्रीपेमेंट मीटरवर किंवा बिल भाड्यात धरलेलं असेल तर हे दर सहसा मिळत नाहीत. भिंतीवरचा चार्जर बसवायचाच असेल तर भाडेकरूंना आणि फ्लॅटमालकांना सरकारी अनुदान आहे. त्यासाठी हक्काची पार्किंगची जागा, घरमालकाची लेखी संमती आणि सरकारमान्य इन्स्टॉलर लागतो. बसवण्याआधी अर्ज करायचा असतो, नंतर केला तर पैसे मिळत नाहीत.

गाडी रस्त्यावर उभी राहणार असेल तर आधी चार्जर दाखवणाऱ्या झॅपमॅप ॲपमध्ये आपला पोस्टकोड टाका आणि पाच मिनिटांच्या चालण्याच्या अंतरात दिव्याच्या खांबावरचे किंवा फुटपाथवरचे मंदगती चार्जर किती आहेत ते मोजा. मग संध्याकाळी सातनंतर स्वतः जाऊन बघा. तिथे पेट्रोल गाड्या उभ्या असतील, तर नकाशावरचा चार्जर तुमच्या कामाचा नाही. घरातून फुटपाथवरून केबल टाकायची कल्पना असेल तर आधी आपल्या काउन्सिलचा, म्हणजे स्थानिक पालिकेचा, नियम वाचा. काही काउन्सिल फुटपाथमध्ये केबलसाठी खाच करून देतात, काही साफ मनाई करतात. यातलं काहीच जमत नसेल आणि ऑफिसातही चार्जर नसेल, तर सध्या हायब्रिड घ्या. केवळ जलद चार्जरच्या भरवशावर इलेक्ट्रिक गाडी चालवणं पैशाच्या आणि वेळेच्या दोन्ही हिशेबात तोट्याचं आहे.

पायरी 2: लायसन्स आणि विमा

इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये भारतीय लायसन्सवर तुम्ही रहिवासी झाल्यापासून 12 महिनेच गाडी चालवता येते. भारतीय लायसन्स बदलून ब्रिटिश मिळत नाही, परीक्षा पहिल्यापासून द्यावी लागते. प्रोव्हिजनल म्हणजे शिकाऊ लायसन्स ऑनलाइन 34 पाउंड, थिअरी परीक्षा 23, प्रत्यक्ष परीक्षा आठवड्याच्या दिवशी 62. प्रत्यक्ष परीक्षेच्या तारखांसाठी बऱ्याच ठिकाणी महिनोन्‌महिने थांबावं लागतं, म्हणून आल्या आल्या प्रोव्हिजनलचा अर्ज करा. बारा महिने उलटल्यावर भारतीय लायसन्सवर चालवणं म्हणजे लायसन्सही नाही आणि विमाही नाही. विनाविमा गाडीला 300 पाउंड दंड आणि लायसन्सवर सहा पॉइंट (दंडाचे गुण) लागतात, आणि नव्या ब्रिटिश लायसन्सवर पहिल्या दोन वर्षांत सहा पॉइंट पडले की ते रद्द होतं.

इलेक्ट्रिक गाड्यांना गिअर नसतात, म्हणून परीक्षा ऑटोमॅटिकवर दिली तरी चालते. मात्र मग लायसन्स ऑटोमॅटिकपुरतंच मिळतं.

विमा ही पहिल्या वर्षातली सर्वांत बोचरी रक्कम. म्हणून गाडी पसंत करण्याआधी तिचा नंबर टाकून दोन-तीन तुलनात्मक साइटवर भाव काढा. एकाच किमतीच्या दोन गाड्यांच्या विम्यात कित्येकशे पाउंडांचा फरक निघतो. पॉलिसी सुरू होण्याच्या तीन-चार आठवडे आधी काढलेला भाव आदल्या दिवशीच्या भावापेक्षा बहुतेक वेळा कमी असतो. गाडीने ऑफिसला जाणार असाल, किंवा स्टेशनपर्यंत जाऊन गाडी तिथे ठेवणार असाल, तरी विम्याच्या अर्जात 'कम्युटिंग' (कामावर जाण्या-येण्यासाठी वापर) निवडावं लागतं. मित्राला किंवा नवऱ्याला मुख्य चालक दाखवून, गाडी खरं तर आपण चालवत असताना स्वतःला फक्त दुसरा चालक दाखवायचं, ही युक्ती इथे फसवणूक धरली जाते आणि अपघात झाला की दावा फेटाळला जातो. आई-बाबा भारतातून आले आणि बाबांना गाडी चालवायची असेल तर त्यांचं नाव तेवढ्या दिवसांपुरतं पॉलिसीत घालून घ्या.

पायरी 3: कोणती गाडी

रोजच्या हिशेबाला एक साधा नियम: हिवाळ्यातल्या सर्वांत लांब नेहमीच्या दिवसाचे मैल मोजा आणि दीडपट करा. गाडीची खरी रेंज त्याहून जास्त हवी. जाहिरातीतल्या आकड्यातून उन्हाळ्यात दहा-पंधरा टक्के आणि जानेवारीत मोटरवेवर तीस टक्क्यांपर्यंत वजा करा. मिल्टन कीन्सहून लंडनला गणपतीच्या कार्यक्रमाला जाऊन यायचं तर शंभर-एक मैल होतात. 40 किलोवॅट-अवरची गाडी सप्टेंबरात हे न थांबता करते. तेच जानेवारीत हळदीकुंकवाला जायचं असेल तर तिला परतीच्या वाटेवर चार्ज करायची तयारी ठेवावी लागते.

बजेट 10,000 पाउंडांच्या आत असेल तर बहुधा पहिली समोर येते ती निसान लीफ. सन्डरलंडमध्ये बनलेली, भरपूर उपलब्ध आणि आतून ऐसपैस, डिकी 435 लिटरची. 2018 पासूनची 40 किलोवॅट-अवरची लीफ शहर आणि उपनगरासाठी उत्तम आहे. तिच्या दोन मर्यादा मात्र नीट समजून घ्या. तिच्या जलद चार्जिंगचं सॉकेट शाडेमो या जुन्या पद्धतीचं आहे आणि नव्या चार्जर केंद्रांवर बहुतेक केबल सीसीएस या दुसऱ्या पद्धतीच्याच असतात. दुसरं, तिच्या बॅटरीला सक्रिय थंडाव्याची सोय नाही. मोटरवेवर एकदा जलद चार्ज करून पुढे निघालात की बॅटरी तापलेली राहते आणि दुसऱ्या थांब्यावर चार्जिंग फार मंदावतं. दर महिन्याला लेस्टरहून ग्लासगोला जाणाऱ्यांनी लीफ घेऊ नये. स्लाउ-रेडिंग एवढंच जग असेल त्यांनी बिनधास्त घ्यावी.

रेनो झोईची 52 किलोवॅट-अवरची आवृत्ती लांब पल्ल्याला बरी, पण तिच्यात सीसीएस सॉकेट काही गाड्यांनाच होतं, सॉकेटचं झाकण उघडून खात्री करा. जुन्या झोईंमध्ये बॅटरी भाड्याची असायची आणि तो करार गाडीबरोबर नव्या मालकाच्या गळ्यात पडतो. बॅटरी मालकीची असल्याचा लेखी पुरावा नसेल तर पुढे जाऊ नका. लहान मुलं असलेल्यांनी हेही जाणून घ्यावं की 2021 च्या युरो एनकॅप या सुरक्षा चाचणीत झोईला शून्य तारे मिळाले होते. डासिया स्प्रिंग नवी गाडी म्हणून स्वस्त आहे, पण तिला एकच तारा आहे आणि मोटरवेसाठी तिचा दम कमी पडतो.

थोडं अधिक बजेट असेल तर एमजी 5 आणि एमजी 4 यांना आमची पहिली पसंती. एमजी 5 इस्टेट, म्हणजे मागे लांब डिकीची, असल्यामुळे हीथ्रोवर सासू-सासऱ्यांना आणायला गेलात की 23 किलोच्या मोठ्या बॅगा मागची सीट न पाडता बसतात. दिसायला साधी म्हणून ती स्वस्तही मिळते. दोन्हींना 7 वर्षं किंवा 80,000 मैलांची वॉरंटी असल्यामुळे तीन-चार वर्षं जुनी घेतली तरी बरीच उरलेली असते. एमजी 4 च्या 51 किलोवॅट-अवरच्या आवृत्तीतली बॅटरी एलएफपी (लोह-फॉस्फेट) प्रकारची आहे, ती नियमित 100 टक्क्यांपर्यंत भरावी, म्हणजे बॅटरीचं मोजमाप नीट राहतं. बाकी बहुतेक गाड्यांना रोज 80 टक्के पुरे, प्रवासाच्या आदल्या रात्रीच शंभर. पैसे थोडे वाढवता आले तर 64 किलोवॅट-अवरची किआ ई-निरो घ्या. सात वर्षांची वॉरंटी आणि हिवाळ्यातही भरवशाची रेंज.

नवी गाडी घ्यायची तर जुलै 2025 मध्ये सुरू झालेलं इलेक्ट्रिक कार ग्रँट विचारा. 37,000 पाउंडांपर्यंतच्या निवडक मॉडेलांवर 1500 किंवा 3750 पाउंड विक्रेताच किमतीतून वजा करतो. नव्याने आलेल्यांना क्रेडिट हिस्ट्री नसल्याने हप्त्यावर गाडी मिळणं अवघड जातं, त्यामुळे पुष्कळांसमोर कंपनीतली सॅलरी सॅक्रिफाइस योजना (पगारातून कापून भाड्याने गाडी) येते. योजना खरंच फायद्याची आहे, पण गाडीचं भाडं करपूर्व पगारातून जातं. स्किल्ड वर्कर व्हिसावर असाल तर तुमच्या किमान पगाराच्या अटीवर याचा काय परिणाम होतो, हे एचआरकडून लेखी घ्या. नोकरी सोडली किंवा देश सोडला तर मधेच करार मोडायचा दंड किती, तेही त्याच ईमेलमध्ये विचारा.

पायरी 4: जुनी गाडी तपासताना

घरबसल्या सुरुवात करा. सरकारी संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकला की तिचा सगळा एमओटी (सक्तीच्या वार्षिक तपासणीचा) इतिहास फुकट दिसतो: कोणत्या वर्षी किती मैल झाले, कशात नापास झाली, कोणत्या सूचना मिळाल्या. मैल मधेच कमी झालेले दिसले तर तिथेच थांबा. नंतर दहा-वीस पाउंडांत मिळणारा इतिहास अहवाल घ्या. गाडीवर कुणाचं कर्ज बाकी असेल तर फायनान्स कंपनी ती तुमच्या दारातून उचलून नेऊ शकते.

प्रत्यक्ष बघायला जाताना विक्रेत्याला सांगा की बॅटरी अर्धीच भरलेली ठेवा. पूर्ण भरलेल्या गाडीवर चार्जिंग तपासता येत नाही. मग जवळच्या जलद चार्जरवर दहा मिनिटं आणि मंदगती चार्जरवर पाच मिनिटं जोडून बघा. हे दोन वेगळे मार्ग आहेत. मंदगती चार्जिंगला गाडीच्या आतला ऑनबोर्ड चार्जर लागतो, जलद चार्जिंग त्याला वळसा घालून थेट बॅटरीत जातं. एक चालतो म्हणून दुसरा चालेलच असं नाही, आणि ऑनबोर्ड चार्जर बदलायचा खर्च हजारांत जातो.

लीफमध्ये बॅटरीच्या मापकाच्या कडेला बारीक पट्ट्या असतात, नव्या बॅटरीला बारा. पहिली पट्टी सुमारे पंधरा टक्के क्षमता गेल्यावर विझते, पुढच्या साधारण सहा-सहा टक्क्यांनी. म्हणून बाराच्या बारा दिसल्या तरी बॅटरी 99 टक्के असेल किंवा 86 टक्के. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये ओबीडी डोंगल (गाडीची माहिती फोनला देणारं छोटं उपकरण) लावून लीफस्पाय ॲपमध्ये खरा आकडा बघा. इतर गाड्यांसाठी विक्रेत्याकडे बॅटरीच्या आरोग्याचं प्रमाणपत्र मागा.

हीटर पूर्ण जोरात लावून दोन मिनिटांत गरम हवा येते का पाहा. दोन किल्ल्या आणि मंदगती चार्जरची टाइप 2 केबल मिळतेय का पाहा. रस्त्यावरच्या बहुतेक मंदगती चार्जरला स्वतःची केबल लागते आणि नवी 100 ते 150 पाउंडांना पडते. डीलरकडून घेतलीत तर 2015 च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार पहिल्या 30 दिवसांत, घेताना असलेला दोष निघाला, तर गाडी परत करता येते. खाजगी विक्रीत हे संरक्षण नसतं.

पायरी 5: गाडी ताब्यात घेण्याचा दिवस

विकणाऱ्याने लावलेला रोड टॅक्स गाडीबरोबर येत नाही. लॉगबुकमधली, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रातली, हिरवी पावती हातात घ्या, तिच्यावरचा 12 आकडी क्रमांक टाकून तिथेच फोनवर टॅक्स भरा, विमा त्या मिनिटापासून सुरू असल्याची खात्री करा आणि मगच किल्ली फिरवा. इलेक्ट्रिक गाड्यांना पूर्वी टॅक्स नव्हता, तो 1 एप्रिल 2025 पासून लागू झाला. एप्रिल 2017 नंतर नोंदलेल्या गाडीला 2025-26 मध्ये वर्षाला 195 पाउंड होता, त्याआधीच्या बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांना 20. एप्रिल 2028 पासून मैलाला 3 पेन्सचा वेगळा आकार लावायची घोषणाही सरकारने केली आहे, लांब मुदतीचा हिशेब करताना तो धरा.

पायरी 6: चालवताना आणि सांभाळताना

थंडीत रेंज कमी होते त्याचं मोठं कारण केबिनचा हीटर आहे. निघण्यापूर्वी पंधरा मिनिटं, केबल जोडलेली असतानाच, ॲपवरून गाडी गरम करा. ती ऊर्जा घरच्या विजेतून जाते, बॅटरीतून नाही. रस्त्यात सीट आणि स्टिअरिंगचं हीटिंग वापरा, त्याला हीटरच्या मानाने नगण्य वीज लागते. मोटरवेवर 70 ऐवजी 62-63 ने गेलात तर शेवटच्या वीस मैलांची धाकधूक जाते.

गाडी अचानक सुरूच झाली नाही तर मोठ्या बॅटरीला दोष देऊ नका. बऱ्याच वेळा बॉनेटखालची 12 व्होल्टची छोटी बॅटरी मेलेली असते. सुट्टीत भारतात महिनाभर जाऊन आल्यावर हे हमखास घडतं. जाण्यापूर्वी मोठी बॅटरी पन्नास-साठ टक्क्यांवर ठेवा, ॲप उघडून सारखं बघू नका, कारण दर वेळी गाडी जागी होते, आणि एक छोटा जंप स्टार्टर घरात ठेवा. चार-पाच वर्षांनी ही बॅटरी बदलून टाकणं शहाणपणाचं.

ब्रेक इथे झिजण्यापेक्षा गंजून खराब होतात. रीजनरेशनमुळे, म्हणजे वेग कमी करताना मोटरच वीज परत बॅटरीत भरते त्यामुळे, डिस्क फारशा वापरल्या जात नाहीत आणि हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकलेलं असतं. आठवड्यातून एकदा, मागे कुणी नसताना, गाडी न्यूट्रलमध्ये घेऊन चार-पाच वेळा नीट ब्रेक दाबा. ब्रेक फ्लुइड दर दोन वर्षांनी बदला. टायर घेताना स्वस्तातला बघू नका. गाडी जड असते, म्हणून कंपनीने सांगितलेल्या लोड इंडेक्सचाच (टायर किती वजन पेलतो त्याचा क्रमांक) घ्या. बहुतेक गाड्यांत स्टेपनी नसते, त्यामुळे ब्रेकडाउन कव्हर (रस्त्यात बंद पडल्यास मदत) घ्या आणि फोन करताना गाडी इलेक्ट्रिक आहे, फ्लॅटबेड म्हणजे गाडी वर चढवून नेणारा ट्रक पाठवा, असं आधीच सांगा. चाकं जमिनीवर ठेवून ओढली तर मोटर बिघडू शकते.

सार्वजनिक जलद चार्जरवर कार्ड टेकवून पैसे देण्याची सोय आता कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे दहा ॲप लागत नाहीत. 80 टक्के झाले की निघा. पुढचे वीस टक्के भरायला जवळजवळ तेवढाच वेळ जातो आणि काही ठिकाणी चार्जिंग संपल्यावर गाडी उभी ठेवल्याचा दंड लागतो.

पायरी 7: परत जायचं ठरलं तर

विमानाच्या तिकिटाआधी निदान सहा आठवडे विक्रीला लागा. लगेच पैसे देणाऱ्या कंपन्या घाईतल्या विक्रेत्याला कमी भाव देतात, म्हणून दोन-तीन ठिकाणचे भाव घेऊन मगच एकाला होकार द्या. हप्ते बाकी असतील तर फायनान्स कंपनीकडून कर्ज मिटवण्याच्या रकमेचं पत्र आधी मागवा. विकल्याची नोंद डीव्हीएलए या वाहन नोंदणी खात्याकडे ऑनलाइन केलीत की उरलेल्या पूर्ण महिन्यांचा रोड टॅक्स आपोआप परत येतो, मात्र चेक येणार असेल तर तो लॉगबुकवरच्या पत्त्यावर येतो. घर त्यापूर्वी सोडणार असाल तर कुणा मित्राचा पत्ता नोंदवून ठेवा. आणि विमा कंपनीकडून नो-क्लेम म्हणजे दावा न केलेल्या वर्षांचं पत्र ईमेलवर घ्या. दोन वर्षांच्या आत परत आलात तर पुढच्या पॉलिसीला ते बहुतेक कंपन्या धरतात.